बाहेरून लावलेली कडी

आधीच माफी मागतो. मी सुतार आहे. शाळा आठवीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकणार आणि शब्दही साधेच येणार. माझ्या बाकाच्या खणात एक कडी पडून आहे, तिची ही गोष्ट. तिला बोलता येतं, लिहिता येत नाही. मला थोडंफार लिहिता येतं, पण बोलायचं म्हटलं की घसा बसतो. म्हणून आम्ही काम वाटून घेतलं. ती सांगेल, मी लिहीन.

मी कडी बोलतेय. लोखंडाची, वीतभर लांब, एक सरकता दांडा आणि सहा भोकं. दिसायला काही खास नाही. माझ्यासारख्या बाराजणी एका खोक्यात होतो, तेलकट कागदात गुंडाळलेल्या. अंधारात पडल्या पडल्या आम्ही गप्पा मारायचो. कुणाच्या दाराला लागायचं, कसले हात लागतील, एवढाच विषय. आमच्यातली एक म्हणायची, "मला न्हाणीघर मिळो. माणूस आत जाऊन मोठ्याने गातो म्हणे." आम्ही हसायचो. आपण आतूनच लागणार, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. माणूस आत जातो, कडी लावतो, निवांत होतो. कडीचा जन्मच त्यासाठी.

खोक्यातून मला या सुताराने उचललं. चौकात लाकडाच्या वखारीला लागून त्याचं छोटं दुकान आहे. मागच्या खोलीत तो आणि त्याची मावशी राहतात. मावशी बोलते, तो ऐकतो. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला की हा मान खाली घालून "बरं" म्हणतो आणि मग आतून मावशी ओरडते, "बरं काय बरं? लाकूड काय झाडाला लागतं?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसत सुटते. (हे पण लिही रे. गाळू नकोस.)

एक दिवस इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस आला. मऊ बोलणारा. म्हणाला, घरी एक कडी बसवायची आहे. सुतार मला पिशवीत घालून त्याच्याबरोबर निघाला.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. बाहेरच्या दारातून आत गेलं की लांब पॅसेज. बाहेरच्या दाराजवळच डाव्या हाताला झोपायची खोली. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर, आणि त्याच्या दारातच दिसणारी एक लाकडी खुर्ची. झोपायच्या खोलीत पलंगावर एक बाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. शेजारी चारेक वर्षांची मुलगी.

"बाहेरून लावा," तो माणूस म्हणाला.

"बाहेरून?" सुताराने विचारलं.

"वाऱ्याने दार आपटतं हो. आणि आतलं हँडल काढून टाका. पोरगी लोंबकळते त्याला."

मुलगी पलंगावर शांत बसली होती. लोंबकळणाऱ्यातली वाटत नव्हती. पण सुताराने मान खाली घातली आणि कामाला लागला. हँडल काढल्यावर दाराला आतून भोकं दिसायला लागली. कच्चं काम त्याला सहन होत नाही. तो म्हणाला, "इथे एक खुंटी ठोकतो, भोकं झाकली जातील."

त्या माणसाने घड्याळ पाहिलं. "करा काय ते."

तेव्हा बाई पहिल्यांदा बोलल्या. वर न बघता, घडी घालता घालता. "भाऊ, खुंटी जरा घट्ट बसवा. ओले कपडे टांगते मी, वजन फार पडतं."

सुताराच्या खिशात लांब स्क्रू चारच उरले होते. ओल्या कपड्यांचं वजन त्याला माहीत होतं. त्याने चारही लांब स्क्रू, साबण लावून, त्या खुंटीला टाकले. स्क्रूला साबण लावायची सवय त्याला पहिल्यापासून. त्याने लाकूड फाटत नाही, आणि पुढे कधी काढायचा झाला तर स्क्रू भांडत नाही. माझ्या वाट्याला मग आखूड स्क्रू आले. अर्ध्या इंचाचे, तेही चारच. दोन भोकं रिकामी राहिली.

"साहेब, उद्या येऊन लांब स्क्रू टाकून देतो," सुतार म्हणाला.

"घट्टच आहे की." त्याने मला तीनदा सरकवून पाहिलं. "पाणी घ्या."

आणि मग ती गोष्ट झाली. साहेब स्वयंपाकघरात उभा होता. सुतार पॅसेजच्या या टोकाला, माझ्याजवळ. मधे पंधरा पावलांचं अंतर. साहेब जागचा हलला नाही. पण पाण्याचा ग्लास सुताराच्या हातात आला.

सुतार पाणी प्यायला. अवजारं भरली. जिना उतरताना त्याचा पाय दोनदा चुकला. आपल्याला उन्हाची भोवळ आली असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. (हो, मला माहीत आहे तुझा हात थांबलाय. थांबू दे. मग लिही.)

असं माझं आयुष्य सुरू झालं. कडीच्या उलट्या बाजूचं.

साहेब पहिल्या पाळीला जायचा. सकाळी सहाला निघताना पावाचा पुडा, केळी आणि पाण्याची कळशी आत ठेवायचा. बायको आणि मुलगी आत. मग मला लावायचा. बाहेरच्या दाराचं लॅच आतून कुणालाही उघडता येण्यासारखं होतं, म्हणून तर त्याला माझी गरज होती. दुपारी दोनला तो परत यायचा. सुरुवातीला हे आठवड्यातून एखाद्या दिवशी असायचं. पुढे रोज झालं. दोन वर्षं मला त्याच एका माणसाचा हात लागला.

पॅसेजमधे दिवसभर कुणी नसायचं. समोर कोरी भिंत. पाठीला दार, आणि दारापलीकडे दोन आवाज. मी ते आवाज ओळखायला शिकले, चेहरे मात्र दिवसभर दिसायचे नाहीत. खोक्यातल्या बहिणींची आठवण यायची. त्यातली एखादी आता कुणाचं गाणं ऐकत असेल, आणि मी इथे. मी कुणाचं काय राखतेय? कडीने दार राखावं हे खरं, पण कुणापासून राखावं हे कडीला कुणी विचारत नाही.

दुपारी दोनला लॅच वाजलं की आतून मुलीचा बारीक आवाज यायचा. "आई, बाबा की लांब्या?"

ते नाव तिनेच ठेवलं होतं.

बाबा असले तर पावलं थेट माझ्याकडे यायची. मला सरकवलं जायचं, दार उघडायचं, "काय केलं दिवसभर?" असं मऊ आवाजात विचारलं जायचं. पण कधीकधी पावलं माझ्यासमोरून पुढे जायची. स्वयंपाकघरात खुर्ची करकरायची. मग खूप वेळ काहीच नाही. आणि मग, भर दुपारी, पॅसेजमधे ऊन पडलेलं असताना, हात यायचा.

माणूस खुर्चीतच बसलेला असायचा. नुसता हात यायचा. भिंतीला धरून, दोन बोटांवर चालत. एक कोपर, मग दुसरं कोपर, मग तिसरं. भिंतीवर चाचपडत, प्रत्येक खिळ्याशी थांबत. हाताला डोळे नसतात, त्याला सगळं हाताळूनच कळतं. जितका हात लांब व्हायचा, तितका खुर्चीतला माणूस बारीक व्हायचा, लोकरीचा गुंडा उलगडत जावा तसा. बोटं माझ्यापर्यंत पोचली की थंडगार, ओलसर लागायची. मी सरकायचे. मला दुसरं काय येतं? हात आत जायचा.

आत काय व्हायचं ते मी पाहिलं नाही. ऐकलं. ते मी सांगणार नाही. सांगायचं की नाही ते आतल्या त्या ताईंनी ठरवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब मलमाची डबी आत द्यायचा. म्हणायचा, "तू मला असं करायला लावतेस बघ." मग हात स्वच्छ धुवायचा, सुवासिक साबणाने, आणि मला लावायचा. जिन्यात खालच्या मजल्यावरची बाई भेटली की तिची खुशाली विचारायचा. ती म्हणायची, "काय शांत माणूस! आणि बायकोला काय जपतो, बाहेर म्हणून पडू देत नाही."

एक गोष्ट मी नीट सांगते, कारण ती फक्त मला माहीत आहे. लांब्याने मला नेहमी उघडलं. लावलं मात्र कधीच नाही. लावायचं काम दर वेळी बाबांनीच केलं.

मुलीला सहावं लागलं. एका सकाळी ती म्हणाली, "आई, शाळा असते ना, ती कुठे असते?"

 मग चादर फाडल्यासारखा आवाज आला, पण ती फाडली नव्हती, पिळली होती. पिळलेली चादर ताईंनी खुंटीला बांधली.

"आपण खेळ खेळू. ही गाडी आहे. बंद पडलीय. ओढायची."

"गाडी ढकलतात, आई."

"ही ओढायची असते. चल, धर."

रोज नऊ ते सव्वानऊ इमारतीतला पाण्याचा पंप चालायचा. भिंती घुमायच्या. तेवढ्या वेळात त्या दोघी ओढायच्या. दार आत उघडणारं, मी बाहेरून त्याला धरून बसलेली. त्यांनी ओढलं की दार आत जाऊ पाहायचं, मी चौकटीच्या कोयंड्यात अडकलेली असायचे, आणि मधे ते चार आखूड स्क्रू ताणले जायचे. खुंटी ढिम्म हलायची नाही. सुताराने चार लांब स्क्रू तिला दिले होते ना.

पहिले दोन महिने काही झालं नाही. मुलगी कुरकुरायची, "ही गाडी रोजच कशी बंद पडते?" ताई म्हणायच्या, "जुनी आहे गं. पण बघ, आज केसभर सरकली." त्यांना कसं कळायचं कोण जाणे. पण खरंच सरकायची. साबणामुळे स्क्रू कुरकुर न करता, हळूहळू, लहान पोराच्या हलणाऱ्या दातासारखे सुटत होते. ओढून झालं की ताई खांद्याने दार परत जागेवर लोटायच्या, म्हणजे मी सरळ दिसायचे.

आणि मी? मला पाय नाहीत, हात नाहीत. पण तुम्ही विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, मी बाजू बदलली होती. त्या ओढायच्या तेव्हा मी सैल व्हायचे. त्याचा हात लागायचा तेव्हा अंग आवळून धरायचे. कडीला एवढंच करता येतं.

एकदा एक स्क्रू सुटून बाहेर पॅसेजमधे पडला. टणकन आवाज झाला. मुलगी रडायला लागली. ताईंनी दाराखालच्या फटीतून कंगवा सरकवला आणि दोन तास लावून तो स्क्रू आत ओढून घेतला. त्या दुपारी हात आला. त्याचं थंड बोट माझ्या एका रिकाम्या भोकावरून गेलं, दुसऱ्यावरून, मग तिसऱ्यावर येऊन थांबलं. मी श्वास रोखून राहिले. पण दोन भोकं पहिल्यापासूनच रिकामी होती. बोट थोडं घुटमळलं आणि पुढे गेलं. सुताराचं कच्चं काम, त्या दिवशी असं उपयोगी आलं.

मग तो दिवस आला. पंप चालू होता. तीन ओढींत तिन्ही स्क्रू सुटले. दार उघडलं आणि मी चौकटीला लोंबकळत राहिले. उंबऱ्याशी ताई आल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा चेहरा इतक्या जवळून पाहिला. त्यांनी मला कोयंड्यातून काढून मुठीत घेतलं. गरम मूठ होती. घामेजलेली. बाईच्या हाताचा मला तो पहिला स्पर्श.

"चप्पल घाल," त्या मुलीला म्हणाल्या.

आणि जिन्यात पावलं वाजली. सव्वानऊच वाजले होते. पाळी अर्धी टाकून तो परत आला होता.

ताईंनी दार परत लोटलं आणि आतून खुंटी धरून त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. कडी दाराला नव्हती, त्यांच्या मुठीत होती. लॅच उघडलं. पावलं आत आली. तो नेहमीसारखा खोलीच्या दाराशी आला असता, तर सगळं संपलं असतं. दाराला कडी नाही हे दोन डोळ्यांच्या माणसाला लगेच दिसलं असतं.

पावलं पुढे गेली. खुर्ची करकरली.

मुलीने ओठांनीच विचारलं, "बाबा की लांब्या?"

"लांब्या," ताई पुटपुटल्या. आणि मी जे कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं ते म्हणाल्या, "बरं झालं."

हात आला. मला शोधत भिंतीवर फिरला. मी जागेवर नव्हते. त्याला ते समजेना. त्याने दार ढकललं. ताई तोवर पाठ काढून, मुलीला घेऊन दाराच्या मागे, भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या होत्या. हात आत आला. पलंगावर चाचपडला, पलंगाखाली गेला, खोलीला लागूनच्या न्हाणीघरात वळला. कोपरामागून कोपर आत येत राहिलं. तो जितका शोधत गेला तितका लांब झाला, आणि तिकडे खुर्चीतला माणूस काडीएवढा होत गेला. ताई याचीच वाट बघत होत्या.

दोघी दारामागून निघाल्या. उंबऱ्यावर तो हात पडलेला, दोरीसारखा. ताईंनी बोटाने दाखवलं, उडी. मुलीने दोन्ही हातांनी फ्रॉक गोळा केला आणि आवाज न करता उडी मारली. मग ताईंनी. लॅच खट्कन वाजलं.

आतला हात थांबला. मग परत फिरायला लागला, पण एवढा लांब हात गुंडाळायला वेळ लागतो. खुर्चीतल्या माणसाला उठायला अंगात माणूसच उरला नव्हता. आम्ही तोपर्यंत रस्त्यावर होतो. ऊन होतं, भाजीची गाडी होती, सायकली होत्या. मुलगी म्हणाली, "आई, केवढं मोठं आहे हे."

ताईंना बहिणीचा नंबर पाठ होता, पण फोन नव्हता. त्यांना या गावात एकच पत्ता माहीत होता. दोन वर्षांपूर्वी सुतार साहेबाला जाता जाता म्हणाला होता, "काही लागलं तर चौकात, वखारीशेजारी."

त्यांनी मला सुताराच्या बाकावर ठेवलं. "तुमची आहे ही."

सुताराने मला उलटंपालटं केलं. भोकं पाहिली. ताईंच्या गळ्यावरचे डाग पाहिले.  "ताई, माझं काम कच्चं राहिलं होतं. मी येणार होतो..."

"आला असतात तर मी इथे नसते," ताई म्हणाल्या. "एक फोन करू द्याल?"

मावशीने फोन दिला, मुलीला दूध दिलं, आणि तिघींना घेऊन स्वतः पोलीस चौकीत गेली. तिघी म्हणजे ताई, मुलगी आणि मी. पुरावा म्हणून. टेबलावर पाय पसरून बसलेल्या हवालदाराला मावशी काय काय बोलली ते लिहायला नको. तक्रार लिहून घेतली एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब दुकानात आला. केस विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा. "माझ्या घरची माणसं इथे आहेत. बायकोची तब्येत जरा बरी नसते."

"इथे लाकूड मिळतं," मावशी म्हणाली. "माणसं ठेवत नाही आम्ही विकायला."

चार गिऱ्हाइकं थबकली. तेव्हा सुतार उठला. घसा बसलेला होता, तरी बोलला. "साहेब, कडी बाहेरून कशाला, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. आता विचारतो. कशाला?"

साहेबाचा उजवा हात बाहीत वळवळला. मी बाकावरून पाहत होते. पण भर चौकात, एवढ्या डोळ्यांसमोर, तो बाहीएवढाच राहिला. साहेब वळून निघून गेला. पुढे खटला उभा राहिला. तो अजून चालू आहे. बहिणीने ताईंना आपल्या घराजवळ दोन खोल्या बघून दिल्या.

आणि मी या खणात. रंध्याचा भुसा, मोडकी पेन्सिल, तीन वाकडे खिळे. चार महिने झाले. सुतार कधी खण उघडतो, मला बघतो, परत लावतो. त्याला माझी लाज वाटते की स्वतःची, त्यालाच ठाऊक. मला भंगारात टाकणार असाल तर टाका. मी ज्या बाजूला होते ती काही मी निवडली नव्हती, पण दोन वर्षं दार मीच धरून होते, हे मला विसरता येत नाही. एकच मागणं आहे. वितळवण्याआधी एकदा, एकच दिवस का होईना, मला आतून लावा. आत माणूस असताना कसं वाटतं ते मला कळू दे.

इथून पुढे मी लिहितोय, सुतार. कडी आता माझ्याकडे नाही.

काल संध्याकाळी हे लिहून झालं तेवढ्यात ताईंचा निरोप आला. नव्या घरात मुलगी दार लावू देत नाही आणि उघडं ठेवून झोपतही नाही. आतून एक कडी हवी. मी म्हटलं, चांगली नवी आणतो. ताई फोनवर म्हणाल्या, "नवी कशाला? तीच आणा. तिची सगळी खोड मला माहीत आहे. फक्त या वेळी स्क्रू लांब टाका, भाऊ."

आज सकाळी मी गेलो. कडी घासून, तेल देऊन नेली होती. आतून बसवली, मुलीचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. सहा भोकं, सहा लांब स्क्रू, साबण लावून. मुलगी शेजारी उभी राहून मोजत होती. मग तिने मला बाहेर जायला सांगितलं. मी गेलो. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. उघडली, लावली, उघडली, लावली. किती वेळा ते मी मोजलं नाही.

माझी पिशवी आतच राहिली होती. मी दार वाजवलं.

"कोण?"

"सुतार."

 आतून मुलगी म्हणाली, "थांबा. मला वाटेल तेव्हा उघडीन."

मी पायरीवर बसलो आणि थांबलो.